फोनवरून होणारी फसवणूक : ओळख, खबरदारी आणि तक्रार



"असा असा फोन आला होता, खरा समजायचा की खोटा?" हा प्रश्न अलीकडे आपल्या ज्येष्ठ सभासदांकडून वारंवार येतो. कुणी देवळात गाठून विचारतात, कुणी बाजारात. आमची सारी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे हा प्रश्न बहुधा आमच्याकडेच येतो. प्रत्येकाला वेगवेगळे सांगण्यापेक्षा सर्व माहिती एका जागी असावी, म्हणून हे टिपण. घरातील सर्वांनी ते एकदा एकत्र वाचावे. शेवटी दिलेले क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून दिनदर्शिकेशेजारी चिकटवावेत.

आपल्या भागातील वस्तुस्थिती

असले प्रकार दिल्ली-मुंबईत होतात, आपल्याकडे नाहीत, असा समज अजून आहे. तो चुकीचा आहे.

मार्च २०२५ मध्ये खानापूर तालुक्यातील एका वृद्ध दांपत्याने आपले जीवन संपवले. त्यांना दिल्लीहून बोलत असल्याचे सांगणारा फोन आला होता. तुमच्या नावावरील सिमकार्ड गैरकृत्यासाठी वापरले गेले आहे, चौकशी सुरू आहे, अशी धमकी देऊन त्यांच्याकडून ५० लाख रुपयांहून अधिक रक्कम उकळण्यात आली. पैसे दिल्यावरही मागणी थांबली नाही. आयुष्यभर कुणाचा पैसा न बुडवलेली माणसे बदनामीच्या भीतीने खचून गेली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नाण्याची दुसरी बाजूही दिसली. बेळगाव पोलिसांनी बॉक्साईट रोड परिसरात छापा टाकून एक बोगस कॉल सेंटर उघडकीस आणले आणि ३३ जणांना अटक केली. तेथून अमेरिकेतील नागरिकांना फोन करून फसवले जात होते. म्हणजे फसलेली माणसे आपल्या जिल्ह्यात आहेत आणि फसवणुकीचे दुकानही आपल्याच शहरात चालत होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथे अशाच कॉल सेंटरांवर छापे टाकून सुमारे ७० जणांना अटक केली होती. तेथील मुले अमेरिकन करखात्याचे अधिकारी असल्याचे भासवत असत.

या प्रकरणांतून एक गोष्ट लक्षात घ्यावी. फोन करणारा एकटा भामटा नसतो. त्याच्यापुढे टेबल असते, काय बोलायचे ते कागदावर लिहिलेले असते, "साहेब" म्हणून बोलायला दुसरा माणूस शेजारी बसलेला असतो. मागून ऐकू येणारा पोलीस वायरलेसचा आवाजसुद्धा ठरवून लावलेला असू शकतो. अशा तयारीपुढे कोणीही फसू शकतो. ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानातील एका मोठ्या उद्योगसमूहाच्या अध्यक्षांना तर व्हिडिओवर सर्वोच्च न्यायालयाची बोगस सुनावणी दाखवून ७ कोटी रुपयांना गंडवण्यात आले. तेव्हा "शिकलेली माणसे कशी फसतात?" हा प्रश्न आपण विचारू नये.

चार खुणा

प्रकार दर महिन्याला बदलतात, पण त्यामागची पद्धत एकच असते. पुढील चारपैकी दोन खुणा जरी दिसल्या तरी फोन ठेवून द्यावा.

१. भीती किंवा लोभ. "तुमच्यावर गुन्हा दाखल आहे" किंवा "तुमचे पैसे अडकले आहेत, सोडवून देतो."
२. घाई. "आज रात्रीपर्यंत", "दहा मिनिटांत", "नाहीतर खाते बंद."
३. गुप्तता. "घरात कुणाला सांगू नका, बँकेत विचारले तर कारण दुसरे सांगा."
४. फोन चालूच ठेवण्याचा आग्रह. आपल्याला विचार करायला किंवा दुसऱ्याला विचारायला उसंत मिळू नये म्हणून.

तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची. कोणतीही खरी बँक, खरे पोलीस ठाणे किंवा सरकारी कार्यालय पैशांचा व्यवहार मुलांपासून लपवून ठेवायला सांगत नाही.

नेहमी आढळणारे प्रकार

अ) डिजिटल अरेस्ट. कुरिअरमध्ये अमली पदार्थ सापडले, आधार कार्ड गुन्ह्यात वापरले गेले, असे सांगून व्हिडिओ कॉलवर गणवेशातील माणूस दाखवतात आणि घरातच "अटकेत" ठेवतात. भारतीय कायद्यात अशी अटक नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही हे स्पष्ट केले आहे. अटक करायला पोलिसाला प्रत्यक्ष यावे लागते, आपली ओळख दाखवावी लागते, अटकेचा पंचनामा करावा लागतो. "पडताळणीसाठी पैसे या खात्यात ठेवा, तपासून परत देऊ" अशी पद्धत कोणत्याही न्यायालयात किंवा पोलीस ठाण्यात नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या गुन्ह्यांची स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये तपास सीबीआयकडे सोपवला.

आ) संगणकाची किंवा मोबाईलची "मदत". संगणकावर अचानक लाल पाटी येते, भोंगा वाजतो, "व्हायरस शिरला आहे, या क्रमांकावर फोन करा" असे दिसते. ही पाटी म्हणजे एक साधे वेबपान असते, संगणकाला काहीही झालेले नसते. क्रमांकावर फोन केला की एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारखे ॲप घ्यायला सांगतात. ही ॲप्स मुळात वाईट नाहीत, पण ती दिल्यावर आपला पडदा समोरच्याला दिसतो. आलेला ओटीपी तो आपल्याआधी वाचतो. पाटी आली तर संगणक सरळ बंद करावा. मायक्रोसॉफ्ट किंवा कोणतीही कंपनी आपण होऊन तुमच्या घरी फोन करून व्हायरस काढत नाही.

इ) गूगलवर शोधलेली हेल्पलाईन. येथे फोन आपणच करतो, म्हणून संशय येत नाही. फ्रिज बिघडला, पैसे चुकून दुसऱ्याकडे गेले, पार्सल आले नाही, की आपण "कस्टमर केअर" शोधतो. वर दिसणारा क्रमांक भामट्यांनी टाकलेला असू शकतो. क्रमांक नेहमी पासबुक, एटीएम कार्डाची मागची बाजू, बिल किंवा वॉरंटी कार्ड यांवरून घ्यावा.

ई) वीजबिल आणि केवायसी. "मागील बिल भरलेले नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडणार" असा संदेश एका साध्या मोबाईल क्रमांकावरून येतो. शंका आल्यास हेस्कॉमच्या १९१२ या क्रमांकावर विचारावे किंवा कार्यालयात जाऊन यावे. बँकेची केवायसी शाखेत जाऊन करावी. आमच्या पिढीला शाखेत जायला वेळ आहे, आणि तेवढीच ओळखीच्या माणसांची गाठ पडते.

उ) एपीके फाईल. व्हॉट्सॲपवर "लग्नपत्रिका", "वाहन दंडाची पावती", "पीएम किसान यादी" अशा नावाची फाईल येते. नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ती पत्रिका किंवा पावती नसून ॲप आहे. ती उघडून परवानग्या दिल्या की मोबाईलमधील संदेश तिसऱ्याच माणसाला वाचता येतात. बहुतेक वेळा ती ओळखीच्याच क्रमांकावरून येते, कारण त्या माणसाचा मोबाईल आधीच बाधित झालेला असतो. लग्नाचे आमंत्रण खरे असेल तर फोन येतोच. तोवर फाईल उघडू नये.

ऊ) यूपीआय. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही, हे पाठ करून ठेवावे. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून गेले. जुना पलंग विकताना, भाड्याने खोली देताना "क्यूआर स्कॅन करा, ॲडव्हान्स जमा होईल" असे सांगणारे भेटतात. खाते ते खाते पैसे "मागण्याची" सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे, पण क्यूआरचा सापळा अजून आहे.

ए) सरकारी योजना. आपल्या भागात ही वेगळीच गंमत आहे. कर्नाटकातील गृहलक्ष्मीचे २,००० रुपये आणि पलीकडच्या नातलगांची लाडकी बहीण, दोन्हींच्या नावाने फोन येतात. "हप्ता थांबला आहे, ओटीपी सांगा." निपाणीतील विडी कामगार भगिनींच्या खात्यात जमा होणारी ही रक्कम लहान वाटली तरी त्यांच्या महिन्याच्या किराण्याची असते. आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईंनाही हे जरूर सांगावे.

ऐ) कॉल फॉरवर्ड. कुरिअरवाला म्हणून कुणी स्टार चारशे एक पासून सुरू होणारा क्रमांक लावायला सांगितला तर लावू नये. त्याने आपले येणारे फोन, म्हणजे फोनवर सांगितला जाणारा ओटीपीही, दुसरीकडे वळवण्याचा त्यांचा डाव असतो. शंका असल्यास ##००२# लावावे, सर्व वळवणे रद्द होते.

ओ) खाते भाड्याने देणे. हे कॉलेजच्या मुलांसाठी. "तुझे खाते आणि एटीएम कार्ड महिनाभर दे, पाच-दहा हजार देतो" असे सांगणारा माणूस चोरीचे पैसे फिरवायला खाते शोधत असतो. पोलिसांचा माग सर्वांत आधी या मुलाच्या दारात येतो. खाते गोठते आणि गुन्ह्यात आरोपी म्हणून नाव लागते.

आपल्या भागाच्या दोन अडचणी

पहिली भाषेची. आपल्यातील अनेक ज्येष्ठांना बँकेचा किंवा वीज कार्यालयाचा कन्नड, इंग्रजी संदेश वाचता येत नाही. मग कुणी फोनवर गोड हिंदीत, कधी चक्क मराठीत समजावून सांगू लागला की तो आपला वाटतो. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही, पण आपली भाषा बोलणारा आपला असतोच असे नाही. न समजलेला संदेश फोनवरच्या अनोळखी माणसाकडून वाचून घेऊ नये. शेजारच्या शाळकरी मुलाकडून घ्यावा. आपली मुले कन्नड उत्तम वाचतात.

दुसरी हद्दीची. खाते कोल्हापुरात, सिम कर्नाटकाचे, राहणे निपाणीत, मुलगा पुण्यात. मग तक्रार कुठे द्यायची, यातच दिवस जातो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोठेही घडलेला असो, जवळच्या कोणत्याही पोलीस ठाण्याला तक्रार घ्यावी लागते. "हे आमच्या हद्दीत नाही" असे उत्तर मिळाल्यास नम्रपणे हे कलम सांगावे. १९३० हा क्रमांक तर साऱ्या देशाला एकच आहे.

खरे कसे ओळखावे

बँकांनी सेवेसाठी करावयाचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून आणि जाहिरातीचे १४० वरून करावेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले आहे. बँकांची संकेतस्थळे आता 'डॉट बँक डॉट इन'वर गेली आहेत. पत्त्याच्या शेवटी ते नसेल तर पासवर्ड टाकू नये. संदेश पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी इंग्रजी पी असेल तर जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार आणि जी म्हणजे सरकार. दहा आकडी साध्या मोबाईलवरून आलेला "बँकेचा" संदेश बँकेचा समजू नये.

मात्र पडद्यावर दिसणारा क्रमांकही बनावट असू शकतो. म्हणून अखेरचा उपाय एकच : फोन ठेवावा आणि पासबुकवरील क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा.

फसवणूक झालीच तर

१. ताबडतोब १९३० ला फोन करावा. चोरलेले पैसे पहिल्या खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात काही मिनिटांत सरकतात आणि मग एटीएममधून बाहेर पडतात. १९३० वर नोंद झाली की ज्या बँकेत पैसे पोचले तेथे ते अडवून ठेवण्याची सूचना जाते. पैसे बाहेर पडण्याआधी सूचना पोचली तरच उपयोग, म्हणून नातेवाइकांची वाट पाहू नये. अडवलेली रक्कम पुढे न्यायालयाच्या आदेशाने परत मिळू शकते.
२. आपल्या बँकेला कळवून खाते, कार्ड आणि यूपीआय बंद करावे. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवावी.
३. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर लेखी तक्रार करावी आणि पोलीस ठाण्यात जावे. बेळगावात सायबर गुन्ह्यांसाठी सीईएन पोलीस ठाणे आहे.
४. संदेश, फोनची नोंद, स्क्रीनशॉट काहीही पुसू नये. लाजेने पुसलेला पुरावा परत येत नाही.
५. नंतर "तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो" असा फोन येईल. तोही त्यांचाच असतो.

बँकेची जबाबदारी

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि ग्राहकाने ३ कामकाजाच्या दिवसांत कळवले तर नुकसान ग्राहकाकडे येत नाही. ४ ते ७ दिवसांत कळवल्यास ग्राहकावर मर्यादित रक्कम पडते. ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे दोष आपला असला तरी लवकर कळवण्यात फायदाच आहे. सहकारी बँकांसाठी असेच परिपत्रक डिसेंबर २०१७ मध्ये निघाले. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्याचा क्रमांक १४४४८. मात्र आपल्या भागात गल्लोगल्ली असलेल्या पतसंस्था आणि सोसायट्या या बँका नाहीत. त्यांना लोकपाल योजना लागू नाही, हे ठेव ठेवतानाच ध्यानात असावे.

घरच्यांसाठी दोन शब्द

शेवटी आमच्याच हातून घडलेली एक चूक सांगतो. आम्ही शाखेत असताना एक निवृत्त शिक्षक ठेव मोडायला आले. रक्कम दिल्लीच्या एका खात्यावर पाठवायची होती. आम्ही विचारले, "गुरुजी, कोण हे?" ते म्हणाले, "पाहुणे आहेत." दिल्लीत पाहुणे? मनात शंका आली, पण मागे रांग होती आणि गुरुजींना जास्त विचारणे बरे दिसेना. आम्ही सही केली. पंधरा दिवसांत ते आणखी दोनदा आले. चौथ्या वेळी त्यांचा मुलगा सोबत होता, तेव्हा कळले की विमा पॉलिसीचा बोनस सोडवून देण्याच्या नावाखाली ते पैसे जात होते. "बँकेत पाहुणे म्हणून सांगा" हेही फोनवरूनच शिकवलेले होते. मुलगा काउंटरसमोर वडिलांना टाकून बोलत होता. गुरुजी खाली मान घालून पासबुकाचे कोपरे सरळ करीत होते. नंतर ते शाखेत कधी आले नाहीत. खाते मुलगाच पाहू लागला.

त्यांना खुर्चीवर बसवून दहा मिनिटे बोललो असतो तर निदान पुढचे दोन व्यवहार टळले असते. हे आजही मनाला लागते. बँकेत आज काउंटरवर बसलेल्या आपल्या मुला-सुनांना सांगणे आहे : वृद्ध माणूस घाईने ठेव मोडायला आला, तर रांग थांबली तरी चालेल, विचारा. आणि ज्येष्ठांना सांगणे आहे की बँकेतला माणूस प्रश्न विचारतो तेव्हा तो तुमचा अपमान करीत नाही.

पूर्वी पिग्मी गोळा करणारा रोज दारात यायचा. त्याचे तोंड ओळखीचे, त्याचे घर ठाऊक, एक दिवस आला नाही तर आपण चौकशी करायचो. त्या विश्वासाची सवय आमच्या पिढीला आहे आणि फोनवरच्या माणसाला आम्ही त्याच सवयीने "बोला साहेब" म्हणतो. हा मूर्खपणा नाही. मुलांनी आई-वडिलांना एवढेच सांगून ठेवावे की, "पैसे गेले तर जाऊ देत, पण आधी मला फोन करा, मी रागावणार नाही." आणि खरोखर रागावू नये. घरात एक खुणेचा शब्द ठरवावा, म्हणजे "तुमच्या मुलाला अपघात झाला आहे" असा फोन किंवा मुलाच्याच आवाजातली हाक आली तरी तो शब्द विचारता येईल. हा शब्द फोनवर कुणाला पाठवू नये, समोरासमोर ठरवावा.

फसवणुकीनंतर कुणी गप्प राहू लागले, जेवेनासे झाले, तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. खानापूरच्या त्या दांपत्याजवळ त्या दिवसांत बसायला कुणीतरी हवे होते. आपल्या सभासदांपैकी कुणावर तशी वेळ आली तर त्यांनी कोणताही संकोच न करता मंडळात यावे. नाव बाहेर जाणार नाही, पोलीस ठाण्यात सोबत येऊ, अर्ज लिहून देऊ.

जवळ ठेवायचे क्रमांक

सायबर फसवणूक : १९३०
तातडीची पोलीस मदत : ११२
वीज (हेस्कॉम) : १९१२
बँक लोकपाल : १४४४८
मानसिक आधार (टेली मानस) : १४४१६
आपल्या शाखेचा क्रमांक : पासबुकवरून पाहून येथे स्वतःच्या हाताने लिहावा.